उजव्या पायाची येळवस

मार्गशीर्ष लागला की चाकणच्या चौकात तुरीच्या शेंगांची हातगाडी उभी राहते. गाडीवाला पाणी मारमारून शेंगा हिरव्यागार ठेवतो, पण आमच्या पेडगावच्या शेंगेला जो ओला, मातकट, थोडा तुरट वास असतो तो यांना नसतो. तरी मी थांबते. एक शेंग सोलते, दाणे तोंडात टाकते, आणि गाडीवाला "घ्यायच्या तर घ्या ताई" असं म्हणेपर्यंत मी चाकणमध्ये नसतेच.

काल सुनीताचा फोन आला. सुनीता म्हणजे माझी धाकटी जाऊ.

"अक्का, येळवस आली बरं का. कोपीसाठी कडबा काढून ठेवलाय यांनी. तू येतीस, का मी उचलू बिंदगं?"

"उचलून तर बघ," मी म्हणाले.

"अगं बया! लय बोलायलाय की पाय तुझा!"

ती हसली, मी हसले, आणि फोन ठेवल्यावर कंपनीच्या कँटीनच्या ओट्यापाशी उभ्या उभ्या माझी टाच नाचायला लागली. शेजारची बाई म्हणाली, "मंगलताई, भाकरी करपतीय." करपू दे म्हटलं एखादी. सुट्टी मंजूर झालीय, पिशवी भरून झालीय, आणि मला आजच निघावंसं वाटतंय.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. इकडच्या बायकांना सांगितलं की त्या "अमावस्येला कसला सण?" असं तोंड करतात. त्यांना काय सांगायचं! त्या दिवशी आमच्याकडं गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. जोंधळा पोटरीत आलेला असतो, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, करडी काटे परजून उभी असते. शेतात कडब्याची कोपी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांच्यापुढं खीर, बाजरीचे उंडे, आणि भज्जी. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. रानातल्या ओल्या शेंगा, दाणे, पालेभाज्या एकाच भांड्यात शिजवून केलेली ती दाट भाजी, तिला सगळ्या शिवाराची चव असते. आणि या सगळ्याच्या वर आंबील. ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेली, लसणाच्या वासाची, गार. ती मातीच्या नव्या बिंदग्यात भरून घरापासून कोपीपर्यंत डोक्यावर न्यायची.

आमच्या घरात ते बिंदगं थोरल्या सुनेनं न्यायचं असतं. अनवाणी. वाटेत खाली टेकवायचं नाही, दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचं नाही. थोरली सून मी.

कुणाला वाटेल, मडकंच तर आहे, कुणी नेलं म्हणून काय झालं. पण लांब राहणाऱ्या बाईला विचारा. त्या घरातल्या चुलीवर आता माझा हात नाही. म्हशीला माझा आवाज ओळखीचा नाही. पाहुणे आले की चहाचा डबा कुठं आहे हे मला सुनीताला विचारावं लागतं, आणि ती "अक्का, तू बस की" म्हणते तेव्हा तिच्या मायेनंसुद्धा मला पाहुणी झाल्यासारखं वाटतं. वर्षातली एकच सकाळ त्या घरात अशी आहे की जिच्यात माझ्यावाचून कुणाचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही.

आणि तीच सकाळ माझ्या पायानं हिसकायला घेतली होती.

उजव्या पायाचं, अंगठ्याशेजारचं बोट. ते मधल्या पेराशी असं वर उठलं होतं की बसलेल्या उंटाची पाठ बघावी. टोक मात्र खाली जमिनीत खुपसलेलं. वरच्या गाठीवर कुरूप, टोकाला घट्टा, आणि तळव्यात बोटाच्या मुळाशी असं दुखायचं की चालताना वाटावं, चपलेत खडा गेलाय. मी दर थोड्या वेळानं चप्पल झटकायची. खडा नसायचाच.

कँटीनमध्ये पांढरे गमबूट घालायला लागतात. मी लागले तेव्हा माझ्या मापाचे संपले होते, एक माप लहान होते ते मिळाले. मी ते घेतले आणि धन्यवाद म्हणाले. सातवीनंतर माझी शाळा सुटली. आई आजारी, धाकटी भावंडं अंगावर. त्यामुळं असेल, पण शिकलेल्या माणसासमोर उभी राहिले की मिळालं तेच खूप वाटतं. बूट पुढून चिमटायचे. माझं ते बोट अंगठ्याहून लांब आहे, त्याला बुटात जागा नव्हती, मग ते बिचारं गुडघे मुडपून बसलं. उभ्यानं भाकरी थापता थापता वर्षं गेली, आणि बोट तसंच बसून राहिलं.

चारठाण्याची लेक मी. तिथल्या जुन्या देवळांच्या दगडी ओट्यांवर अनवाणी वाढले. थंडीत तो दगड तळव्याला असा चावायचा की आम्ही पोरी एका पायावर उभ्या राहायचो, मग दुसऱ्या. त्या पायाला बूट कसा सोसावा? पण हेही आता सुचतं. तेव्हा कुरूप झालं म्हणून कुणी बिब्बा लावायला सांगितला, तोही लावला. कातडं भाजलं, कुरूप तिथंच. दोन येळवशी मी कोपीपर्यंत मोटारसायकलवर मागं बसून गेले. पुढं सुनीता चाललेली, डोक्यावर बिंदगं, सगळं घर तिच्यामागं. मी धुरळ्यातून बघायची. तिची चाल छान आहे, हेही दिसायचं. ते दिसू नये असं वाटायचं.

गेल्या साली दिवाळी झाली आणि आत्यांचा फोन आला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या फोनवर फार बोलत नाहीत.

"मंगल, मानाच्या गोष्टीचा असा दरसाल हात बदलू नये. या साली तुला झालं तर तू ने. न्हाई झालं तर मग कायमचं सुनीताकडं देऊ. काय म्हणतीस?"

रागानं नाही म्हणाल्या. त्याचंच जास्त लागलं.

चाकणच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. हाड थोडं कापून बोट सरळ करायचं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. कुणाकुणाला ते लागतंच. पण मला त्यातला "कापून" एवढाच शब्द ऐकू आला. कँटीनचा मुकादम चांगला माणूस, मी एका पायावर भार देऊन उभी असते हे त्यानं पाहिलं होतं. म्हणाला, "गावी जा, पाय बरा करून या, तुमचा तवा तुमचाच आहे." ते वाक्य आठवलं की अजून डोळे भरतात. माझ्या मालकांनीही, म्हणजे नवऱ्यानं, सुट्टी टाकली. आम्ही दोघं पेडगावला निघालो.

परभणीत हाडाच्या डॉक्टरबाई आहेत. त्यांनी माझा पाय हातात घेतला, ते बोट दोन बोटांत धरलं आणि हळूच सरळ केलं. झालं की सरळ! सोडलं, पुन्हा उंट.

"दुखलं?"

"न्हाई."

"मग मंगलबाई, घाबरू नका. बोट अजून कडक झालेलं नाही. हाताने सरळ होतंय तोवर कापाकापीची घाई कशाला? आधी बिनाऑपरेशनचं करून बघू."

त्यांनी साखर तपासायला लावली, ती बरोबर निघाली. बिब्ब्याचं ऐकून डोक्याला हात लावला. रुंद पंज्याचे बूट, बोटांचा व्यायाम, आणि पायाच्या मापानं खास करून घेतलेली गादी, बुटाच्या आत बसवायची, असं सांगितलं. याला हॅमर टो म्हणतात, हेही त्यांच्याकडूनच कळलं. हातोडीसारखं बोट. मालक बाहेर आल्यावर म्हणाले, "तरीच. घरात सगळ्यांना ठोकायची सवय कुठनं लागली ते कळलं आता." इतक्या दिवसांनी मी रस्त्यात उभी राहून मोठ्यानं हसले. दुखण्याला नाव मिळालं की ते अर्धं आपल्या बाजूला येतं, असं वाटलं.

गादी करून देणारे नईमभाई. बसस्टँडमागच्या बोळात त्यांचं वर्कशॉप आहे. भिंतीवर प्लास्टरचे पाय टांगलेले, मशीनवर रबराचा भुसा, आणि कोपऱ्यात चहाची किटली. त्यांनी एक खोकं माझ्यापुढं ठेवलं. आत मऊ, कोरडा, फुलं खोचायच्या स्पंजासारखा फेस. त्यात पाय दाबून ठसा घ्यायचा. नईमभाई खाली बसले आणि माझा पाय त्यांनी दोन्ही हातांत धरला.

मी पाय मागं ओढला आणि वाकून त्यांच्या हाताला नमस्कार केला.

साहजिकच आहे. आपला पाय दुसऱ्याला लागला की नमस्कार करायचा, हे आईनं चालायच्या आधी शिकवलंय. त्यांनी पुन्हा पाय धरला, मी पुन्हा नमस्कार केला.

"भाभी," नईमभाई म्हणाले, "असं केलात तर संध्याकाळ होईल. माझं कामच पायाचं हाय. एकदाच काय तो सगळ्या दिवसाचा नमस्कार करून टाका."

मी केला. मालक स्टुलावर बसून खो खो हसायलेले.

"आता पाय ढिला सोडा. एकदम ढिला. बोटं आकसू नका. कायकू डरते?"

पण बोटं आपोआप आकसत होती. मग त्यांची नजर जोडव्यावर गेली. त्याच बोटात जोडवं. लग्नातलं, चांदीचं, वर पेर फुगलेलं, त्यामुळं वर्षानुवर्षं तिथंच रुतलेलं.

"हे काढा भाभी. यानं बोट आवळलंय."

मी जोडव्यावर हात ठेवला. "कसं काढू? मालक हायत की माझे."

"मग मालकांनाच इचारा."

मी स्टुलाकडं बघितलं. मालक हसायचे थांबले होते. म्हणाले, "काढ की. मी काय जोडव्यात बसलोय?"

साबण लावला, दोरा गुंडाळला, निघेना. शेवटी सराफाकडं जाऊन कापून घेतलं. कट् असा छोटासा आवाज झाला आणि मला वाटलं, काहीतरी अशुभ आता दारातून आत येईल. काही आलं नाही. बोटाभोवती पांढरा, मऊ, लहान बाळासारखा पट्टा उरला होता. एवढ्या वर्षांत त्या कातड्याला वारा लागला नव्हता. घरी येऊन मी आत्यांना सांगितलं. त्या ज्वारी निवडत होत्या. सुपावरून नजर न काढता म्हणाल्या, "डाव्या पायात हाय न्हवं? मग एक पाय सवाष्ण हाय तेवढा बास."

सराफाकडून वर्कशॉपला परतल्यावर माझ्या पायाचा ठसा निघाला, तो मी आधी ओळखलाच नाही. आपला चेहरा आरशात रोज दिसतो, तळवा कुणाला दिसतो? तो आपल्याखाली असतो आणि आपल्याला घेऊन फिरत असतो. त्या खोक्यात माझी टाच होती, कमान होती, आणि बोटाच्या मुळाशी खोल गेलेला एक खड्डा. नईमभाई त्यात बोट फिरवत म्हणाले, "हे बघा, तुमचा सगळा भार इथं पडायलाय. आपण काय करायचं, याच्या जरा मागं उशी द्यायची, म्हणजे भार वाटला जाईल. बोटांखाली एक छोटी कड द्यायची, म्हणजे त्यांना टेकायला जागा मिळंल."

"मग बोट सरळ होईल?"

"नई भाभी, खोटं नाही बोलणार. बोट असंच राहील. दुखणं कमी होईल, आणखी बिघडू नये म्हणून हे करायचं. चालंल?"

चालायचंच तर होतं मला! मी मान डोलावली.

पंधरवड्यानं गाद्या मिळाल्या. निळ्या, मऊ, माझ्याच पायाच्या आकाराच्या. रुंद पंज्याच्या बुटात घालून मी वर्कशॉपभर फिरले. तळव्यातला तो खडा कुणीतरी काढून घेतला होता. मी बसस्टँडपर्यंत अशी चालले की मालक मागून ओरडले, "अगं, गाडी सुटायला येळ हाय!" पेडगावची गाडी आली, जागा असून मी उभ्यानं गेले. दारातून थंड वारा, बाहेर कापसाच्या झाडांवर राहिलेली शेवटची बोंडं, आणि मी पायावर भार देऊन बघतेय, काढून बघतेय, पुन्हा देतेय.

आणि मग मी काय केलं? घरी येऊन गाद्या बुटातून काढल्या, फडक्यानं पुसल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवल्या. शालूच्या वर.

इतकी चांगली वस्तू, खास माझ्यासाठी केलेली, ती रोज कोण मळवतं? आमच्यात चांगलं लुगडं गावाला जाताना नेसतात, काचेचे कप पाहुण्यांना काढतात, तशी मी पायाची गादी परभणीला जायला काढायची. घरात दिवसभर अनवाणी. फरशी धुणं, चूल, अंगण, सगळं त्याच वाकड्या बोटावर. मग आठ-दहा दिवसांत दुखणं परत आलं, तसा माझा जीव घाबरा झाला. अमावस्या तोंडावर. सुनीताच्या माहेराहून तिला येळवशीची नवी साडी आली, हिरवी, आणि मी ती बघून "छान हाय" म्हणाले आणि परसात जाऊन रडले. मला वाटलं, ठरलं.

पुन्हा परभणी गाठली. नईमभाईंनी गाद्या हातात घेतल्या, उजेडात फिरवल्या, वास घेतला.

"भाभी, हे तर कोरं हाय. रोज किती येळ घालता?"

"घालते की. इकडं येताना घातलं."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी... मागच्या बारीला इकडं आले तवा."

नईमभाई मालकांकडं बघत राहिले. मग खाली बसून इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. "या अल्ला! मी पायासाठी केलं, तुमी परभणीसाठी घातलं!" मग गंभीर झाले. "पहिल्यांदा तास-दोन तास, मग वाढवत न्यायचं. घरातसुद्धा. उभं राहायचं तवा पायाखाली हे पाहिजेच. मळलं तर पुसायचं. झिजलं तर दुसरं करू. झिजायसाठीच हाय ते."

झिजायसाठीच आहे. परतीच्या गाडीत ते माझ्या डोक्यात फिरत राहिलं. मी किती गोष्टी न झिजवता ठेवल्यात! स्वतःला सोडून सगळ्या.

आता अडचण घरची. आमचं लिंगायताचं, शंकराचं घर. सकाळी आत्या गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसतात, त्या घरात स्वैपाकापर्यंत पायात घालून कसं जायचं? मी उंबऱ्यावर उभी राहिले. भाऊजी, म्हणजे सुनीताचे मालक, खाटेवरून म्हणाले, "वहिनी, आता चुलीपाशी बूट? उद्या देवापुढं छत्री घेऊन बसा."

आत्यांनी पूजा आवरली आणि लेकाकडं बघितलं. "तू चष्मा लावून आरती म्हणतोस. काढतोस का देवापुढं?"

"चष्मा डोळ्याला असतोय, आई."

"आन् हे पायाला हाय. देवानं डोळा दिला आन् पाय काय बाजारातनं आणला व्हय? सुनीता, तिला कापडाचं काहीतरी शिवून दे. रस्त्यावर न घातलेलं. घरातलं घरात."

सुनीतानं खणाच्या उरलेल्या तुकड्यांचे दोन मोजे शिवले. पुढून मोकळे, तळाला गादी सरकवायची, घोट्याशी नाडी. मशीनवर बसून ती पाय मारत होती आणि मी जवळ बसून खण धरून होते. तिचं तोंड बघत होते. बिंदगं माझ्याकडं गेलं तर हिची हिरवी साडी मागं चालणार. तिला ते कळत नव्हतं असं नाही. तिनं दोऱ्याची गाठ दातानं तोडली आणि म्हणाली, "घे. नवरीच्या चपला बघ कशा झाल्यात."

त्यानंतरचे दिवस मला भाजलेल्या तुरीच्या शेंगांच्या वासाचे आठवतात. पहिले दोन-तीन दिवस कमान दुखली, मग पायाला सवय झाली. डॉक्टरबाईंनी बोटांनी जमिनीवरच्या वस्तू उचलायचा व्यायाम दिला होता. आम्ही चिंचोके घेतले. दुपारी ओसरीवर मी पसरायची आणि एक एक चिंचोका पायाच्या बोटांनी उचलून वाटीत टाकायची. आधी एकही उचलेना. सुनीता म्हणाली, "अक्का, सरक, मी दावते." तिच्या पायातून चिंचोका असा उडाला की भाऊजींच्या चहात पडला. मग आत्याही आल्या. पंच्याहत्तरी गाठलेली बाई, भिंतीला टेकून बसली, लुगडं जरा वर धरलं आणि खट्, खट्, खट्, वाटी भरत सुटली! आम्ही दोघी बघत राहिलो.

"आत्या, कुठं शिकलात?"

"वाकायचा कंटाळा आला की येतंय सगळं."

त्या ओसरीवर तीन बायकांचे सहा पाय उन्हात पसरलेले, कुणाची टाच फुटलेली, कुणाचा अंगठा वळलेला, माझं बोट उंटासारखं. बाईच्या पायाकडं लग्नात एकदा बघतात, हळद लावताना. मग कुणी बघत नाही. आम्ही त्या दुपारी बघितलं, आणि हसून हसून पोट दुखलं.

येळवशीचा दिवस उजाडला. पहाटेपासून भज्जीचा वास, उंडे वळताना बाजरीचा वास, आणि थंडीनं सगळ्यांच्या तोंडातून वाफ. आंबील बिंदग्यात भरली. मी नाहून, साडी नेसून उभी राहिले, पायात खणाचे मोजे. भाऊजी पुन्हा म्हणाले, या वेळी थट्टेनं नाही, "घरात ठीक हाय आई. पण आज अनवाणी जायचं असतंय. काळ्या आईवर पायात घालून?"

मला वाटलं, आता मोजे काढावेत. काढले असते तर कोपीपर्यंत पोचले असते का, माहीत नाही. ढेकळांचं रान, आणि वाटेत टेकवायला नाही. मी खाली वाकलेसुद्धा.

"थांब गं," आत्या म्हणाल्या. मग लेकाला, "काळ्या आईला तुझा ट्रॅक्टर चालतोय, आन् सुनंच्या पायातला कापूस चालना व्हय?"

भाऊजींनी मान खाली घातली आणि बिंदगं उचलून माझ्या डोक्यावर ठेवलं.

चुंबळीवर तो गार, ओला भार बसला, मानेत उतरला, पाठीतून खाली पायात गेला. उजव्या पायानं तो घेतला. मी पाऊल टाकलं. गावाबाहेरच्या रस्त्यानं सरळ गेलो, मग आमच्या बांधाला वळलो आणि ढेकळं लागली. दव पडलेलं, दोन्हीकडं जोंधळा खांद्यापर्यंत, पानं गालाला लागत होती. मी मनात काहीच म्हणत नव्हते. फक्त टाच, कमान, बोटं. टाच, कमान, बोटं.

निम्म्या रानात उजव्या मोज्याची नाडी सुटली. गादी पायाखालून सरकली, बोट उघड्या ढेकळावर टेकलं आणि कळ डोक्यापर्यंत गेली. मी थांबले. वाकता येत नव्हतं. टेकवता येत नव्हतं. मागं सगळं घर थांबलं. कुणीतरी म्हणालं, "सुनीताच्या डोक्यावर द्या आता, किती येळ..." आणि ते बरोबरच होतं.

सुनीता पुढं आली. तिनं हात वर केले नाहीत. ती खाली बसली. नव्या हिरव्या साडीनिशी, ओल्या मातीत, गुडघ्यावर.

"पाय उचल अक्का. माझ्या खांद्याला धर."

"सुनीता, साडी..."

"साडी धुवून निघंल. आधी पाय."

मी एका हातानं बिंदगं धरलं, एक हात तिच्या खांद्यावर ठेवला. तिनं माझा तळवा हातात घेतला, माती झटकली, गादी बरोबर कमानीखाली बसवली, आणि नाडीच्या दोन गाठी मारल्या. माझा पाय तिच्या मांडीला लागला होता. मला नमस्कार करता येत नव्हता. ती खालून वर बघत म्हणाली, "आता बघायलीस काय? चल की! आंबील उन्हात ऊन व्हायलीय."

मी चालले. कोपी दिसली, कडब्याची, पिवळी, धुरात. भाऊजींनी बिंदगं उतरवून पांडवांपुढं ठेवलं. डोकं हलकं झालं, मान हलकी झाली. पूजा झाली, आणि आंबील शिंपडायला सगळे रानात निघाले, आरोळ्या देत, जोंधळ्यातून, हरभऱ्यातून, करडीच्या कडेनं. आधीच्या दोन येळवशींना या वेळी कुणी ना कुणी माझ्यापाशी मागं राहायचं. "तुमी बसा अक्का, मी हाय." त्या साली सुनीता माखलेली साडी खोचून पुढं पळाली, मालक पळाले, भाऊजी पळाले, आत्यासुद्धा काठी टेकत बांधापर्यंत गेल्या. कुणी मागं वळून बघितलं नाही. कोपीपाशी मी एकटीच उभी. मग मी पदर खोचला आणि त्यांच्यामागं धावत सुटले.